नमुना क्रमांक २१४

शर्वरी ढमढेरे ब्लाउज न्यायला आली
आणि हुक लावून होईस्तोवर स्टुलावर बसली.
मी सहज विचारलं, ते कॉइन कॉइन म्हणतात ते काय गं?
ती म्हणाली, काकू, वही असते.
एकच वही, पण प्रत्येकाच्या घरी.
कुणी खाडाखोड केली तर बाकीच्यांना कळते.

मला हसू आलं.
आमच्या बिबवेवाडीच्या भिशीत अठरा बायका,
अठराजणींना अठराजणींचं पाठ:
कोण दिवाळीत पाचशे कमी देऊन गेली,
कुणी नंबर लागल्यावर पेढासुद्धा दिला नाही.
नफीसा बागवान तर वहीशिवाय सांगते, तारखेसकट.
हां, तसंच, शर्वरी म्हणाली,
फक्त या भिशीत कुणी कुणाला ओळखत नाही.

तिथे माझी सुई थांबली.

तरी केलं.
पॅनकार्ड, आधार, मग माझा चेहरा:
डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा.
लग्न ठरवतानाही एवढं कुणी न्याहाळलं नव्हतं.
दोन हजार टाकले,
तीन अस्तरांचे आणि एका पैठणीवरच्या ब्लाउजचे.
आलं काय? शून्य, टिंब, शून्य, शून्य, शून्य,
आणि पार टोकाला एक बारका आकडा,
टीप उसवल्यावर राहतो तसला दोरा.
मी पाव इंचासाठी भांडणारी बाई.
हे माप माझ्या टेपवर नाही.

ते पाकिटात न्यायचं भाडं वेगळं पडलं.
तेवढ्यात रिक्षाने कात्रजला जाऊन
परत आले असते.

नफा झाला तर तीस टक्के सरकारचे.
आणि तोटा?
तोटा तुमचा, काकू. अख्खा.
एवढं मात्र ओळखीचं वाटलं.

मग ते बारा शब्द.
फोटो काढायचा नाही. कुणाला पाठवायचे नाहीत.
काकांनाही?
काकांनाही.
हरवले तर बँक नाही, साहेब नाही, अर्ज नाही.
ती शटरकडे तोंड करून बसली
आणि मी इंग्रजी अक्षरं एकेक करून उतरवली,
लिहिली नाहीत, काढली, रांगोळीसारखी.
शब्द तुम्हालाही सांगणार नाही.
एवढंच, की त्यातला एक कापडाचा निघाला.

ठेवायचे कुठे?
डाळीच्या डब्यात, देवाच्या तसबिरीमागे,
चोर आधी तिथेच हात घालतो.
दुकानात खिळ्याला अडकवलेले
खाकी कागदाचे दोनशेवर नमुने आहेत माझे.
त्यातला २१४ कमलिनी तुळपुळ्यांचा.
छाती चौतीस, बाही साडेनऊ,
डावा खांदा पाव इंच उतरता.
त्या गेल्या, त्याला दोन वर्षं झाली.
हे माप आता कुणी मागायला येणार नाही.
मुंढ्याच्या गोलाईत, आतल्या अंगाने,
पेन्सिलीने बसवले बाराही.

मंगळवारी फोन आला एक.
मॅडम, तुमचं खातं बंद होतंय, ते बारा शब्द सांगा.
म्हटलं, आधी तुमचं माप सांगा,
छाती, कंबर, पाठीची उंची.
ठेवलाच त्याने.

दोन हजारांचे आज सोळाशे चाळीस दिसतात.
परवा एकोणीसशे होते.
मी बघते, आणि फोन पालथा ठेवून काजं करते.

शर्वरी वाकडला राहायला गेली.
रात्री मशीनवर कापड झाकताना मनात येतं,
उद्या मी नसले तर मुलगा पहिल्यांदा
हा खाकी ढीगच रद्दीत घालेल.
म्हणून काल मापांच्या वहीत
लाल पेनने लिहून ठेवलं:
२१४. फेकू नये.

नफीसाने वाचलं. तिच्या नजरेतून काय सुटतंय!
का गं, हिचंच का?
म्हटलं,
खांदा फार छान बसला होता बाईंचा.